बिल कोल्हापूरचे असले तरी तक्रार बेळगावातच करता येते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीची खरेदी आटोपली की महिनाभरात कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरांत ठरावीक गर्दी सुरू होते. नव्या टीव्हीवर उभी रेघ आली आहे, मोबाईल तापून आपोआप बंद होतो, फ्रिज चालतो पण गार करत नाही. आपल्या सीमाभागात या दुखण्याला आणखी एक फाटा फुटतो. निपाणी-चिकोडीचा माणूस मोठ्या खरेदीला कोल्हापूर गाठतो, कागवाड-अथणीकडचा मिरज-सांगलीला जातो, खानापूरकडे काही माल गोव्यातून येतो आणि बाकीचे घरबसल्या ऑनलाइन मागवतात. वस्तू बिघडली की दुकानदार म्हणतो, "कंपनीकडे जा." सर्व्हिस सेंटर म्हणते, "जिथं घेतलं तिथं विचारा." आणि गावातला एखादा जाणता सांगतो की बिल दुसऱ्या राज्यातले आहे, केस करायची तर कोल्हापूरला खेटे घालावे लागतील. पहिली दोन उत्तरे अर्धी खरी आहेत. तिसरे साफ चुकीचे आहे, आणि त्याच्याच धास्तीने बहुतेक लोक गप्प बसतात.

1986 च्या जुन्या ग्राहक कायद्यात तक्रार दाखल करायची ती विक्रेता किंवा कंपनी जिथे असेल, अथवा व्यवहार जिथे घडला असेल तिथे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 34 ने ही अट सैल केली. तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी स्वतः काम करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही आता तक्रार करता येते. म्हणजे टीव्ही कोल्हापुरात घेतला, कंपनी गुरुग्रामची, आणि राहणे निपाणीत, तरी तक्रार बेळगावच्या जिल्हा आयोगात चालते. चंदगडहून रोज उद्यमबागेत कामाला येणाऱ्या कामगाराला तर दोन्ही दारे उघडी आहेत: राहण्यावरून कोल्हापूर, नोकरीवरून बेळगाव. मात्र हा अधिकार पत्त्यावर उभा असल्याने आधार, रेशन कार्ड किंवा नोकरीचे पत्र तक्रारीला जोडायलाच हवे. ते नसले की समोरचा वकील पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढतो आणि दोन-तीन महिने त्यातच जातात.

जिल्हा आयोगापुढे दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असलेली प्रकरणे येतात. इथे मोजतात ती वस्तूसाठी मोजलेली रक्कम. मागितलेली भरपाई नव्हे. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फी शून्य आहे. वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

आता बिलाकडे येऊ, कारण निम्मी प्रकरणे तिथेच लंगडी होतात. "जीएसटी वाचवून देतो" म्हणत दिलेला एस्टिमेटचा कागद हे बिल नव्हे. खरे बिल ओळखायची सोपी खूण म्हणजे 15 अक्षरी जीएसटी क्रमांक. त्याचे पहिले दोन अंक राज्य सांगतात: कर्नाटक 29, महाराष्ट्र 27, गोवा 30. त्याखेरीज मोबाईलच्या बिलावर आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख क्रमांक, आणि टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीनच्या बिलावर मॉडेल व सिरियल नंबर छापलेला हवा. दुकानातच मोबाईलवर *#06# दाबावे आणि दिसणारा 15 अंकी आकडा खोक्याशी व बिलाशी ताडून पाहावा. हाच आकडा केवायएम या तीन इंग्रजी अक्षरांपुढे जागा सोडून 14422 वर एसएमएस केला की तो कोणत्या मॉडेलचा आहे ते कळते. जुना हँडसेट बदलून नवा घेतला असेल तर जुन्याची धरलेली किंमत बिलावर वेगळी लिहून घ्यावी, नाहीतर पैसे परत मिळायच्या वेळी तेवढी रक्कम हिशेबातून गळते. बिल न देणे ही कलम 2(47) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. ते मागताना संकोचायचे कारण नाही.

त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, आणि दुकानात "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी लावणाऱ्यांनी ते वाचावे. सदोष वस्तू परत घ्यायला आणि तिचे पैसे बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, द्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. पाटी आवडीनिवडीच्या बदलाला लागू पडेल. रंग आवडला नाही म्हणून फ्रिज परत करता येत नाही, हे रास्तच आहे. दोषाला ती लागू पडत नाही. "कंपनीकडे जा" हे दुरुस्तीपुरते खरे असले तरी पैसे दुकानदाराने घेतलेले असतात. म्हणून तक्रारीत विक्रेता, उत्पादक किंवा आयातदार आणि सर्व्हिस सेंटर या तिघांनाही पक्षकार करावे. एकाला वगळले की उरलेले दोघे त्याच्याकडे बोट दाखवतात.

पण कायद्याच्या आधी वस्तू नीट घरी यायला हवी. नव्या वस्तूंचे काही बिघाड कारखान्यातले नसून वाटेतले असतात, आणि तिथे ग्राहक हरतो. कोल्हापूरहून महामार्गाने किंवा गोव्याहून चोर्ला घाटातून मोठा टीव्ही गाडीच्या मागच्या सीटवर आडवा टाकून आणला जातो. पॅनेलची काच इतकी पातळ असते की खड्ड्यागणिक ती वाकते, आणि पुढे कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा किंवा काळा डाग दिसतो. कंपनी त्यावर "ग्राहकाकडून झालेले नुकसान" असा शेरा मारते आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. उभ्या सरळ रेघांचे कारण वेगळे. पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या लवचिक पट्ट्यांचा जोड सुटला की अशा रेघा येतात, आणि काचेवर तडा नसेल तर हा वॉरंटीतला दोष आहे. टीव्ही उभाच आणावा, शक्यतो दुकानदाराच्या गाडीतून. खोके कंपनीच्या माणसासमोरच फोडावे आणि फोडताना सलग व्हिडिओ घ्यावा. त्यात खोक्यावरचा सिरियल नंबर आणि चालू झालेला पडदा दोन्ही दिसले पाहिजेत.

फ्रिजचेही तसेच. आडवा आणला तर कॉम्प्रेसरमधले तेल गॅसच्या नळीत उतरते. उभा करून लगेच चालू केला तर कॉम्प्रेसरवर ताण येतो. उभा आणला तरी तीन-चार तास आणि आडवा आणला असेल तर रात्रभर तो तसाच उभा ठेवावा. पुढून कपडे घालायच्या वॉशिंग मशीनला मागे तीन किंवा चार लांब बोल्ट असतात. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून ते कारखान्यात बसवतात आणि पहिल्या धुण्याआधी काढायचे असतात. ते न काढता मशीन सुरू केले की ते घरभर नाचते, आणि लोक "नवं मशीन खराब निघालं" म्हणून फोन करतात. बोल्ट काढणे हे बसवायला आलेल्या माणसाचे काम आहे. तो बसवणीच्या कागदावर सही घ्यायला लागला की आधी मागे वाकून बघावे.

मोबाईलच्या बाबतीत वादाचा खरा धनी म्हणजे पाण्याची खूण. पुष्कळ हँडसेटमध्ये सिमच्या खाचेत एक बारीक पांढरा ठिपका असतो. पाणी लागले की तो लाल किंवा गुलाबी होतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात फोन खिशात भिजणे काही नवल नाही, पण न भिजताही हा वाद उभा राहतो. खरेदीच्याच दिवशी सिमचा ट्रे काढून बॅटरीच्या उजेडात त्या खाचेचा फोटो काढून ठेवला तर निदान नवीन असताना खूण पांढरी होती हे दाखवता येते.

"हाय व्होल्टेजमुळे बोर्ड जळला, वॉरंटी लागू नाही" हे उत्तर आपल्याकडे सर्वांत जास्त वेळा मिळते. ते केव्हा खरे असते हे ओळखता येते. ट्रान्सफॉर्मरपासून येणारी न्यूट्रलची तार तुटली की एखाद्या घरात 230 ऐवजी 400 च्या आसपास व्होल्टेज जाऊ शकते. तेव्हा एका घरातले दिवे डोळे दिपतील असे पेटतात, शेजारी मंदावतात, आणि गल्लीतल्या अनेक घरांत एकाच वेळी वस्तू जळतात. अशा वेळी वस्तूच्या आतल्या सप्लाय बोर्डवर फ्यूजजवळची, नाण्यासारखी गोल, बहुधा 471 असा आकडा छापलेली चकती फुटलेली किंवा काळवंडलेली दिसते. तिला व्हॅरिस्टर म्हणतात. जादा दाब स्वतःवर घेऊन फ्यूज उडवणे हेच तिचे काम. चकती शाबूत, फ्यूज शाबूत, शेजारीपाजारी काही जळलेले नाही आणि तरी तंत्रज्ञ हाय व्होल्टेज म्हणत असेल, तर उघडलेल्या बोर्डाचा फोटो मागावा आणि कोणता भाग जळला ते लेखी घ्यावे. पडद्यावरची रेघ, रिमोटला प्रतिसाद न देणे, वाय-फाय तुटणे याचा संबंध सहसा व्होल्टेजशी नसतो. खरेच त्या दिवशी वीज गडबडली असेल तर हेस्कॉमच्या 1912 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. मग तो प्रश्न दुकानदाराशी नसून वीज कंपनीशी आहे. पाल शिरून एसीचा बोर्ड जळणे हाही प्रकार इथे दरवर्षीचा आहे. वॉरंटी कार्डाच्या बारीक अक्षरांत किडे, उंदीर, पाल यांच्यामुळे झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते.

फ्रिज आणि एसीवर "10 वर्षे वॉरंटी" हे शब्द ठळक छापतात. ती अनेकदा फक्त कॉम्प्रेसरची असते. बोर्ड, पंखा, गॅस भरणे, मजुरी या गोष्टी सहसा पहिल्या वर्षानंतर आपल्या खिशातून जातात. एसीचा गॅस महिन्याभरात गेला तर बरेचदा दोष यंत्रात नसून तांब्याच्या नळीच्या जोडात, म्हणजे बसवणाऱ्याच्या हातात असतो. तो कंपनीचा अधिकृत माणूस होता की नाक्यावरचा, यावर पुढचे सगळे ठरते.

या सगळ्यात ग्राहकाचे मुख्य हत्यार आहे जॉब शीट, आणि तेच लोक सर्वांत निष्काळजीपणे सांभाळतात. सर्व्हिस सेंटरमध्ये वस्तू ठेवताना मिळणाऱ्या या कागदावर तक्रार आपल्या शब्दांत लिहिली जाईल हे पाहावे. "फोन चालत नाही" असे मोघम लिहू देऊ नये. "चार्जिंगला लावल्यावर दहा मिनिटांत तापतो, 30 टक्के बॅटरी असताना बंद पडतो" असे लिहून घ्यावे. पहिल्या खेपेला बहुधा सॉफ्टवेअर अपडेट करून फोन परत देतात आणि शेरा मारतात, "दोष आढळला नाही." दोष अधूनमधून येणारा असेल तर त्याचा व्हिडिओ काउंटरवर दाखवून "ग्राहकाने व्हिडिओ दाखवला" एवढे तरी कागदावर उमटवावे. कागदावर सिरियल नंबर, बाहेरची अवस्था, सोबत दिलेले सामान, तारीख आणि परत देण्याचा अंदाज हवा. वस्तू परत घेताना कोणता सुटा भाग बदलला त्याची नोंद घ्यावी. मोबाईलचा मुख्य बोर्ड बदलला तर आयएमईआय बदलू शकतो. नवा क्रमांक जॉब शीटवर नसेल तर बिल एका फोनचे आणि हातात दुसरा, अशी गत होते. सिम आणि मेमरी कार्ड काढून, डेटा उतरवून मगच फोन द्यावा हे सांगायला नको.

एकाच दोषासाठी दोन-तीन जॉब शीट हातात असणे फार मोलाचे आहे. कारण आयोगापुढे "उत्पादनातच दोष आहे" हे सिद्ध करण्याचा भार प्रथम तक्रारदारावर येतो आणि तोंडी सांगण्याला वजन नसते. पुरावा अपुरा वाटल्यास कलम 38 प्रमाणे वस्तू सीलबंद करून मान्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद आहे. अहवाल 45 दिवसांत अपेक्षित असतो आणि तपासणीची फी आधी तक्रारदाराने भरायची असते. आमच्या दुरुस्तीच्याच धंद्यातल्या माणसाने हे सांगणे विचित्र दिसेल, पण वॉरंटीतली वस्तू खासगी मेकॅनिककडून उघडून घेऊ नये. सील तुटले की प्रयोगशाळाही ठामपणे काही सांगू शकत नाही.

दोन-तीन खेपांनंतर दोष तसाच असेल तर फोनवर भांडणे थांबवून नोटीस द्यावी. ती वकिलाचीच हवी असे नाही. बिल क्रमांक व तारीख, सिरियल नंबर, जॉब शीटचे क्रमांक, दोष काय आणि हवे काय, एवढे एका पानात बसते. वस्तू बदलून हवी की पैसे, हे स्पष्ट लिहावे आणि 15 दिवसांची मुदत द्यावी. विक्रेता आणि कंपनी दोघांना पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि ई-मेलनेही पाठवावी. त्याच सुमारास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे मराठीतही बोलता येते. ही हेल्पलाइन न्यायालय नाही, ती आदेश काढत नाही. पण तिच्याकडून गेलेली तक्रार कंपनीच्या वेगळ्या टेबलावर पोचते आणि बरीच प्रकरणे तिथेच मिटतात.

न मिटल्यास ई-जागृती पोर्टलवर, 1 जानेवारी 2025 पासून ते सुरू आहे, मोबाईलच्या ओटीपीने नोंदणी करून बेळगाव जिल्हा आयोग निवडावा. तक्रार, नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र, बिल, वॉरंटी कार्ड, जॉब शीट, नोटीस, तिची पोच आणि पत्त्याचा पुरावा असे सगळे स्कॅन करून जोडावे. व्हिडिओ दाखल करायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र सोबत ठेवलेले बरे. भाषेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट: तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत द्यावी आणि मराठी कागद असतील तर भाषांतर जोडावे. सीमाभागाच्या मनात भाषेचे काय आहे ते सर्वांना ठाऊक आहे, पण बिघडलेल्या फ्रिजच्या प्रकरणात तो वाद घातला तर तारखा वाढतात आणि फायदा कंपनीचा होतो. आयोगाच्या दारातला माहितीफलक मराठीतही असावा ही मागणी मात्र रास्त आहे आणि ती वेगळी करावी.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. त्यानंतरचे उत्तर घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगितले आहे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो, हे धरूनच चालावे. अथणी किंवा रामदुर्गहून प्रत्येक तारखेला येणे म्हणजे दिवस मोडणे. त्यासाठी व्हिडिओद्वारे सुनावणीचा अर्ज करता येतो. मागणी बेताची ठेवावी. 15 हजारांच्या फोनसाठी 10 लाखांचा मनस्ताप मागितला तर खऱ्या मागणीचेही वजन जाते. आदेश होऊनही कंपनीने तो पाळला नाही तर कलम 72 खाली एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा 25 हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो, आपोआप काही होत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी राहिल्या. वस्तू हप्त्यावर घेतली असेल तर ती बिघडली म्हणून हप्ते थांबवू नयेत. कर्ज हा फायनान्स कंपनीशी झालेला वेगळा करार असतो, आणि हप्ता चुकला की दंडाबरोबर पतही खालावते. दुसरे, जीएसटीचा परतावा मिळावा म्हणून घरचा टीव्ही किंवा लॅपटॉप दुकानाच्या, फर्मच्या नावावर घेऊ नये. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने "ग्राहक" ठरत नाही. स्वतःच्या पोटासाठी चालवलेल्या शिलाई यंत्राला किंवा झेरॉक्स मशीनला मात्र त्यातून सूट आहे.

ऑनलाइन खरेदीला 2020 चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण करायचे असते, आणि सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. "फक्त ब्रँड सपोर्ट" एवढे लिहून हात झटकणे या नियमांत बसत नाही. विक्रेत्याचे नाव-पत्ता ऑर्डरच्या पानावर असतो. तो काही दिवसांनी दिसेनासा होण्याआधी पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा.

तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दुकानात मिळणारे गुळगुळीत कागदावरचे बिल मात्र त्याच्या कितीतरी आधी पुसट होते, कपाटात जपून ठेवले तरीही. त्याची झेरॉक्स आजच काढावी.

आपला,
विद्युत उपकरण दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक,
शहापूर, बेळगाव